अरीना की मैदान? जळगावात कार्यक्रम कशाने वाढतील, याचा एका साउंडवाल्याचा हिशेब

"इनडोअर स्टेडियम झालं तर मोठे कलाकार येतील ना रे आपल्याकडे?"

काव्यरत्नावली चौकाजवळच्या टपरीवर नानांनी विचारलं आणि मी कटिंगचा घोट घेत गप्प बसलो. नाना आमच्या मंडळाचे अध्यक्ष. महापालिकेला द्यायच्या निवेदनात नेमकं काय मागायचं, यावरून मंडळात दोन तट पडलेत. पोरं म्हणतात, पाच हजार खुर्च्यांचं बंदिस्त, वातानुकूलित अरीना मागू. जुनी मंडळी म्हणतात, आहे ते मैदान आणि आहे ते नाट्यगृह धड करा, बाकी काही नको. मी बावीस वर्षं साउंड-लाइटचं काम करतोय. जळगाव, भुसावळ, अमळनेर, धुळे, शहादा, सगळीकडे केबल ओढून झालीय. म्हणून नानांना माझ्या मताची किंमत वाटते. पण हे टपरीवर उभ्या उभ्या द्यायचं उत्तर नव्हतं, म्हणून लिहून काढलं.

एक आधीच सांगून टाकतो. अरीना झालं तर माझा फायदाच आहे. स्पीकर-दिवे टांगायला तयार लोखंड, तयार वीज, पावसाची धास्ती नाही. तेव्हा खाली जे लिहिलंय ते मैदानवाल्याचा हेवा म्हणून वाचू नका.

फोनवर काय विचारतात

कलाकाराच्या मॅनेजरला फोन लावला की प्रश्न ठरलेले असतात. तारीख कोणती? मानधन किती, त्यातलं आगाऊ कधी? विमान कुठपर्यंत येतं? हॉटेल कोणतं? स्टेज केवढं, एलईडी केवढी, जनरेटर एक की दोन? आणि सगळं झाल्यावर, आवाज जरा खाली आणून, "टिकट है या फ्री?" वर छत आहे का, हे मला फक्त जून ते सप्टेंबरच्या तारखांना विचारलं गेलंय. त्यांच्या यादीत छताचा नंबर फार खाली लागतो.

खोटं वाटत असेल तर मुंबई बघा. मायकल जॅक्सन १ नोव्हेंबर १९९६ ला गायला, तो अंधेरीच्या क्रीडा संकुलात, आभाळाखाली. जस्टिन बीबर २०१७ मध्ये, यू-टू २०१९ मध्ये, कोल्डप्ले जानेवारी २०२५ मध्ये, तिघेही नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर. एड शीरन २०२४ मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर. वरळीचा एनएससीआय डोम आहे, नाही असं नाही, पण तिथे मावतात काही हजार माणसं. त्याहून मोठं काही आलं की मैदानच गाठावं लागतं. इतकं मोठं शहर, पण मोठ्या अरीनावाचून त्याचं काही अडलं नाही. कारण तिकीट काढणारा माणूस तिथे होता.

मुंबई लांबची वाटत असेल तर इंदूर घ्या. दिलजीत दोसांझचा २०२४ चा दौरा पुण्याला थांबला, इंदूरलाही थांबला. इंदूरचा कार्यक्रम ८ डिसेंबरला, तोही उघड्या जागेवर. पुण्याहून इंदूरला जायचा सरळ रस्ता आपल्या धुळ्यावरून जातो. मध्ये आपण होतो, आणि आपल्याकडे छत नाही म्हणून तो थांबला नाही असं मला तरी म्हणवत नाही. २०११ च्या जनगणनेत इंदूर शहर १९ लाख ६४ हजारांचं होतं. जळगाव ४ लाख ६० हजारांचं, धुळे ३ लाख ७५ हजारांचं. महागडं तिकीट काढणारे शेकडा एक जरी धरले, तरी इंदूरला साडेएकोणीस हजार होतात आणि आपल्याकडे साडेचार हजार.

आमच्या लाइटवाल्या धुळेकर मित्राला मी हा विषय काढून विचारलं. तो अहिराणीत एवढंच म्हणाला, "इतला दूर कोन ई भो?" म्हणजे, एवढ्या दूर कोण येईल? दूर म्हणजे अंतराने नव्हे. जळगावला रेल्वे आहे, भुसावळसारखं जंक्शन पंचवीस किलोमीटरवर आहे, विमानतळ २०१२ पासून आहे. पण तिथे उतरतं छोटं एटीआर विमान. मोठ्या कलाकाराबरोबर तीस-चाळीस माणसं आणि टनावारी सामान असतं. सामान रस्त्याने येतं, माणसं विमानाने, आणि एका फेरीत सगळी मावली नाहीत तर मॅनेजर नकाशावर पुढचं शहर बघतो.

अरीना जिथे खरंच सरस ठरतं

आता पोरांची बाजू. ती काही कच्ची नाही.

पहिला मुद्दा रात्री दहाचा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. बंदिस्त सभागृहाला यातून सूट आहे, मैदानाला नाही. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत परवानगी देऊ शकतं, पण ते दिवस गणपती, नवरात्र, दिवाळी, ख्रिसमस असेच संपतात. आता आपल्या लोकांची सवय बघा. कार्यक्रम सातचा छापायचा, लोक दुकान बंद करून, घरी जाऊन, भाकरी खाऊन सव्वाआठला येणार. पाहुण्यांचे सत्कार नऊपर्यंत. गायक स्टेजवर येतो तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटं. साडेनऊला कुठे रंग भरतो, आणि पावणेदहाला माझ्या मिक्सरच्या शेजारी एक खाकी सावली येऊन उभी राहते. काही बोलत नाही. फक्त मनगटावरच्या घड्याळावर बोटाने टकटक करते. मी गायकाकडे बघतो, गायक आयोजकाकडे, आयोजक पुढाऱ्याकडे. दहाला मास्टर फेडर, म्हणजे सगळ्या आवाजाची मुख्य कळ, खाली. असे किती कार्यक्रम अर्धवट मिटवलेत, त्याची गणती सोडून दिलीय. बंदिस्त जागा असेल तर हा त्रास संपतो. बाहेर आवाज जाऊ नये एवढं बघावं लागतं.

दुसरा मुद्दा ऋतूचा. मैदानाचा खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे चार महिने. मार्चमध्ये परीक्षा आणि ऊन एकदम लागतात. मेमध्ये पारा पंचेचाळिसाला टेकतो आणि रात्री नऊलाही मैदानातली खुर्ची गरम लागते. जूनपासून पाऊस. राहिलेल्या चार महिन्यांत लग्नाच्या तिथी. मंडप, जनरेटर, खुर्च्या, आचारी, सगळं तेव्हा लग्नांना लागतं, आणि मंडपवाला आपल्याला उभं करत नाही.

आणि त्यात अवकाळी. एका नोव्हेंबरात एका मैदानावर, नाव नको, आमचा जनरेटरचा ट्रक दुपारी तीनला आत गेला. चारला अर्धा तास पाऊस पडला. फार नाही, केळीची पानं भिजतील एवढा. पण खाली आपली काळी माती. ती पाणी पिऊन फुगली की साबणासारखी होते. मागची चाकं आत बसली ती बसलीच. फळ्या टाकल्या, मुरूम टाकला, शेवटी शेजारच्या शेतातला ट्रॅक्टर आणला. सहाला साउंड चेक व्हायचा, तो झाला साडेआठला. मिक्सरवर ताडपत्री धरून दोन पोरं उभी होती आणि एका चॅनेलमधून सारखा भुंग्यासारखा आवाज येत होता. गायक भला माणूस होता, निभावून नेलं त्याने. पण जाताना त्याच्या मॅनेजरने हात मिळवला तो नुसता टेकवल्यासारखा. पुन्हा त्या कलाकाराची तारीख आम्हाला मिळाली नाही. असा एक कार्यक्रम बिघडला की पुढचे तीन जातात. ही अरीनाच्या बाजूची सगळ्यात जोरकस गोष्ट आहे, आणि मी ती मान्य करतो.

पण थांबा, टाळी वाजवून बघा

कुठल्याही बॅडमिंटन हॉलच्या मधोमध उभे राहा आणि एक जोरात टाळी वाजवा. ती पत्र्यावर आपटून, भिंतीवर आपटून परत येते, आणि परत येते. खेळाला याने काही बिघडत नाही. गाण्याला बिघडतं. शब्दावर शब्द चढतात, तबल्याचा चाटीचा बोल चिखलात पडल्यासारखा होतो. आवाज कमी केला तर मागचे ओरडतात, वाढवला तर घुमारा वाढतो. यावर औषध आहे, छताला आणि भिंतींना आवाज शोषणारे थर लावणं. पण निविदेत पैसे कमी पडले की पहिली कात्री त्यालाच लागते, कारण उद्घाटनाच्या फोटोत ते दिसत नाहीत. "बहुउद्देशीय" हा शब्द निवेदनात लिहाल तेव्हा हे लक्षात ठेवा. खेळाचं छत आणि गाण्याचं छत यांचं भांडण जुनं आहे.

दुसरी गोष्ट गारव्याची. माणूस नुसता बसला तरी शंभरेक वॅट उष्णता बाहेर टाकतो. पाच हजार माणसं म्हणजे पाचशे किलोवॅट. घरातला दीड टनाचा एसी साधारण सव्वापाच किलोवॅट उष्णता ओढतो. म्हणजे फक्त माणसांच्या अंगाची उष्णता काढायला पंच्याण्णवच्या आसपास एसी. त्यात छताचं ऊन, दिवे, उघडझाप होणारी दारं धरली नाहीत. एवढी यंत्रणा बसवली की वीज कंपनीशी करार मोठा करावा लागतो, आणि मागणी आकार कार्यक्रम असो-नसो दर महिन्याला येतो. रिकामं अरीनासुद्धा बिल खातं. मग काय होतं, ते आपण सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या सरकारी सभागृहात बघितलंय: एसी असतो, पण "आज बंद आहे". मीही एका हॉलमध्ये एप्रिलात बंद एसीखाली कार्यक्रम केलाय. तिसऱ्या गाण्याला हार्मोनियमवाल्याचा घाम पट्ट्यांवर पडत होता.

पैशाचं गणित, अगदी खडबडीत

हे आकडे माझे, नुसते हिशेब समजावा म्हणून धरलेले. समजा अरीनाला दीडशे कोटी लागले. कर्ज काढलं आणि आठ टक्के व्याज धरलं तर वर्षाला बारा कोटी. वर्षात चाळीस मोठे कार्यक्रम झाले, म्हणजे दर नवव्या दिवशी एक (आपल्याकडे हे फारच झालं), तर एका कार्यक्रमाच्या डोक्यावर तीस लाख बसतात. आता पाच हजार खुर्च्या, प्रत्येकी पाचशेचं तिकीट, एकही खुर्ची रिकामी नाही: गल्ला पंचवीस लाख. कलाकाराला अजून रुपया दिलेला नाही.

कोणी म्हणेल, कर्ज कशाला, शासनाचा निधी आणू. आणा. व्याज गेलं. तरी देखभाल, वीज, पहारा, सफाई, आग विझवायची यंत्रणा, याला बांधकामाच्या अडीच टक्के धरले तर पावणेचार कोटी. भागिले चाळीस, सव्वानऊ-साडेनऊ लाख. एवढं भाडं लावलं तर इथला आयोजक पळून जाईल, आणि कमी लावलं तर फरक महापालिकेने भरायचा. हुडको या सरकारी वित्तसंस्थेच्या कर्जाने आपल्या पालिकेच्या कसे नाकी नऊ आणले होते ते नानांच्या वयाच्या माणसाला मी सांगायला नको.

पाचशेचं तिकीट मी उगाच धरलं नाही. कार्यक्रमाचं तिकीट पाचशेपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही, वर गेलं की अठरा टक्के. आपल्याकडचे आयोजक चारशे नव्याण्णववर थांबतात ते यासाठीही, आणि त्याच्या वर विकत नाही यासाठीही.

अमेरिकेत स्टेडियम आणि अरीनांवर खूप अभ्यास झालाय. रॉजर नोल आणि अँड्र्यू झिंबालिस्ट या अर्थतज्ज्ञांनी १९९० च्या दशकातच दाखवलं की सरकारी पैशातून बांधलेल्या अशा जागा गावाची कमाई सांगितली जाते तशी वाढवत नाहीत. लोक सिनेमाला, हॉटेलला जे खर्च करणार होते, तेच इकडे करतात. उलट बाजूचंही उदाहरण आहे. लंडनचा मिलेनियम डोम २००० साली उघडला आणि पांढरा हत्ती म्हणून हिणवला गेला. २००७ मध्ये त्याच्याच आत वीस हजारांचं ओ-टू अरीना झालं आणि ते जगातल्या सगळ्यात गजबजलेल्या जागांपैकी एक ठरलं. छत तेच. आत चालवणारा माणूस बदलला, आणि बाहेर लंडन होतंच.

पासांचा रोग

खरं दुखणं इथे आहे, आणि याबद्दल निवेदनात कोणी लिहिणार नाही. आपल्याकडे तिकीट काढणं हा जरासा कमीपणा समजतात. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारपासून आयोजकाचा फोन तापतो. "भाऊ, चार पास ठेवा." "साहेबांच्या घरचे येताय, पुढची रांग." ज्याच्या गळ्यात दोन तोळे सोनं आहे तोसुद्धा तीनशेच्या तिकिटाला पास मागतो. सुवर्णनगरीत राहतो आपण! एका कार्यक्रमाला मी स्वतः दारात उभा होतो. पासवाल्यांची रांग तिकिटाच्या खिडकीपेक्षा लांब होती, आणि आत गेल्यावर भांडण पासवाल्यांचंच, पुढच्या खुर्चीवरून.

दोष एकट्या लोकांचा नाही. वाढदिवस, नवरात्र, दहीहंडी, निवडणुकीचा मोसम, या निमित्ताने तेच कलाकार फुकट दाखवले जातात. ज्या गायिकेला गेल्या महिन्यात सागर पार्कच्या मैदानावर फुकट ऐकलं, तिला या महिन्यात पाचशे रुपये कोण देईल? अरीना बांधून हा प्रश्न सुटत नाही. उलट पाच हजार खुर्च्या भरायच्या म्हणून पास अजून वाटले जातील.

गर्दी आपल्याकडे नाही असं मात्र कोणी म्हणू नये. डिसेंबर २०२३ मध्ये वडनगरीजवळ शिवमहापुराण कथा झाली तेव्हा लोक लाखांनी आले, रस्ते तुंबले. ती गर्दी कुठल्याच अरीनात मावली नसती. २०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, प्रताप महाविद्यालयाच्या आवारात, मंडप घालून. त्याच अमळनेरने १९५२ मध्येही संमेलन भरवलं होतं. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासूनचा, आजही मंडपात होतो, आणि तिथे लोक सतरंजीच्या जागेचंही तिकीट काढतात. आपल्या सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला, दत्तजयंतीच्या यात्रेला, कोणतं छत आहे?

तमाशाचे फड तर स्वतःचं अरीना ट्रकवर घेऊन फिरतात. तंबू, कनात, स्टेज, जनरेटर, तिकिटाची खिडकी, सगळं सोबत. आज इथे, उद्या चाळीस किलोमीटरवर. आणि तिथे तिकीट काढल्याशिवाय आत सोडत नाहीत, पाटलालाही नाही. धंदा कसा करावा हे त्यांच्याकडून शिकावं.

आपलं मैदान, आपलं नाट्यगृह

मैदान धड करणं म्हणजे काय, हे जुन्या मंडळींनीही नीट सांगितलेलं नाही. नुसती भिंत बांधून फाटक लावलं की झालं असं नाही. मला एखादं मैदान कार्यक्रमाचं करायला दिलं तर मी आधी जमीन बघेन: काळी माती काढून मुरूम आणि खडीचा भराव, पाणी निघून जायला उतार, ट्रक स्टेजपर्यंत जाईल असा काँक्रीटचा पट्टा. मग साठ बाय चाळीस फुटांचा पक्का कट्टा, मागे दोन खोल्या, त्यात आरसा आणि चालू अवस्थेतलं स्वच्छतागृह. (महिला कलाकार इथे यायला का कुरकुरतात, याचं अर्धं उत्तर त्या स्वच्छतागृहात आहे.) स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर, म्हणजे प्रत्येक वेळी दोन जनरेटर आणायला नकोत. जमिनीखालून केबलचे पाइप. प्रेक्षकांसाठी पक्की स्वच्छतागृहं, पार्किंग, आणि बाहेर पडायला तीन-चार रुंद दारं. हे सगळं अरीनाच्या खर्चाच्या एका छोट्या तुकड्यात बसतं, आणि रिकाम्या दिवसांचं बिलही अरीनापेक्षा फार कमी येतं. आज प्रत्येक आयोजक स्टेज, वीज, मुरूम, पत्र्यांवर पैसे घालतो आणि दुसऱ्या दिवशी मैदानात उरतात फक्त खड्डे.

मैदानाचा तोटा मी वर लिहिलाच आहे. दहा वाजता ते मुकं होतं आणि पावसाळ्यात झोपतं. त्यावर इलाज नाही.

नाट्यगृहाचा विषय वेगळा. महाबळला छत्रपती संभाजीराजे नाट्यगृह आहे. बालगंधर्वांच्या नावाचा संगीत महोत्सव तिथे जानेवारीत होतो. लहानपणी ते इथे शिकायला होते, हे आपण अभिमानाने सांगतो. या महोत्सवाचा श्रोता एका इमारतीने आणला नाही. दर वर्षी, ठरल्या वेळी, न चुकता कार्यक्रम झाला म्हणून तो तयार झाला. नाटकाचंही तसंच. मुंबईहून निघालेली बस इथे एका प्रयोगासाठी सव्वाचारशे किलोमीटर येत नाही. नाशिक, धुळे, जळगाव अशी साखळी जुळली तर येते. पाच हजारांच्या अरीनात नाटक करता येत नाही, मागच्या माणसाला नटाचे डोळे दिसत नाहीत. तेव्हा अरीना झालं तरी नाट्यगृह सांभाळावंच लागणार. नाशिकचं कालिदास नूतनीकरणानंतर भाड्यावरून गाजलं. संभाजीनगरचं संत एकनाथ रंगमंदिर दुरुस्तीसाठी किती काळ बंद होतं ते तिथल्या रंगकर्मींना विचारा. बांधायला पैसा मिळतो, झाडायला मिळत नाही.

मधला एक नमुना नागपूरचा. तिथे महापालिकेचं कविवर्य सुरेश भट सभागृह २०१७ मध्ये उघडलं, साधारण दोन हजार खुर्च्यांचं. ते चालतं. आणि गंमत अशी की त्याच शहरातला खासदार सांस्कृतिक महोत्सव, जिथे नावाजलेले कलाकार येतात, तो भरतो ईश्वर देशमुख महाविद्यालयाच्या मैदानावर. मोठी गर्दी मैदानात, मध्यम गर्दी छताखाली. नागपूर २०११ मध्येच चोवीस लाखांचं होतं. आपण त्याच्या पाचव्या हिश्श्याचे.

धुळेकरांनी रागावू नये, पण

हे निवेदन धुळ्यातूनही जाणार असेल तर एक गोष्ट त्यांच्या बाजूची आहे. मुंबई-आग्रा रस्ता, सुरत-नागपूर रस्ता आणि सोलापूरकडचा रस्ता तिथे एकत्र येतात. सामानाच्या ट्रकला धुळे सोयीचं, माणसांना जळगाव. दोघांनी दोन अरीना बांधली तर दोन्ही ओस पडतील, हे मात्र नक्की. आणि सुरत विसरू नका. उधना-लिंबायतला आपली निम्मी भाऊबंदकी राहते, तिथल्या महापालिकेचं इनडोअर स्टेडियम कधीपासून उभं आहे. तरुण पोरगा शनिवारी गाडीत बसून तिकडे जातो, कार्यक्रम बघतो आणि मावशीकडे मुक्काम करतो.

मग मागायचं काय

पोरांना हिरमुसवायचं नाही मला, पण पाच हजारांचं अरीना मी आज मागणार नाही. माझं मत असं: पहिल्या दोन वर्षांत मैदान वर लिहिलंय तसं करा, नाट्यगृहाचा एसी, ध्वनी आणि स्वच्छतागृह यांना दरवर्षीचा ठरलेला पैसा लावा, आणि त्याच वेळी छताची हौस असेल तर दीड-दोन हजार माणसांचा सपाट फरशीचा हॉल मागा. सपाट म्हणजे खुर्च्या काढता येतील असा. एके दिवशी कव्वाली, एके दिवशी कृषी प्रदर्शन, एके दिवशी कुस्ती. निवेदनात दोन वाक्यं मात्र अडवून धरा: छताला अमुक टन वजन टांगता यायला हवं, आणि आवाजाची चाचणी झाल्याशिवाय ठेकेदाराचं शेवटचं बिल निघणार नाही. ही दोन वाक्यं नसतील तर तुम्ही लग्नाचा हॉल मागताय. लग्नाचे हॉल आपल्याकडे भरपूर आहेत.

तुम्ही स्वतः आयोजक असाल, वर्षाला दोन कार्यक्रम करत असाल, तर मैदानाच्याच मागे लागा. तुमचा पैसा तिथे वाचतो. शास्त्रीय संगीत किंवा नाटकवाले असाल तर अरीनाच्या वादात पडूच नका, तुमचा जीव नाट्यगृहात आहे. कबड्डी-कुस्ती-बॅडमिंटनवाले असाल तर अरीना मागायला तुमच्याकडे आमच्यापेक्षा चांगलं कारण आहे, पण मग खेळासाठी म्हणून मागा, गाण्याच्या खांद्यावरून नको. आणि बॉलिवूडचा मोठा गायक आणायचाच अशी जिद्द असेल तर छतापेक्षा हजार लोकांची यादी जमवा, ज्यांनी आगाऊ दोन हजार भरलेत. मॅनेजरला ती यादी दाखवा. तो सागर पार्कवरही येईल.

एक अजून, कोणी मनावर घेत नाही ते. यूट्यूबवर अहिराणी गाण्यांना कोटींनी व्ह्यूज आहेत. आपल्याच गावातले गायक, नाचणारी पोरं, ढोलकीवाले. हळदीच्या डीजेवर त्यांच्यावाचून पान हलत नाही. पण त्यांचा दीड तासाचा, नीट बसवलेला, तिकीट लावलेला कार्यक्रम मी बावीस वर्षांत बोटावर मोजण्याइतका पाहिलाय. ते दीडशेच्या तिकिटाला येतील, वारंवार येतील, आणि त्यांना विमान लागत नाही. तिकीट काढायची सवय लागली तर ती यांच्यापासूनच लागेल.

नाना, रविवारी बैठकीला मी येतो. फक्त सतरा मजलीत, म्हणजे महापालिकेत, कोणाची ओळख असेल तर नाट्यगृहाच्या गेल्या दोन वर्षांच्या बुकिंगची नोंद मिळते का बघा. शनिवार-रविवार सोडून किती तारखा भरल्या, त्यातले तिकिटाचे किती, सत्कार-स्नेहसंमेलनं किती, एवढं पेन्सिलने वेगळं काढू. तिकिटाच्या रकान्यात काय भरतं ते बघू, मग पोरांशी बोलू.